पाटे वाढवले, पण मला कुणी विचारलं?

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला पिवळा रंग फासलेला, अर्धा मातीत पुरलेला जो जुना टायर आहे ना, तो मी. तुम्ही माझ्यावरून उड्या मारता, पोटातून शिरून पलीकडे निघता. खुशाल खेळा. पण मला नुसतं खेळणं समजू नका हं! मी पिकअपचा मागचा, डाव्या बाजूचा टायर होतो. शिरूर काय, दौंड काय, या भागातला एकही खड्डा असा नसेल ज्याची आणि माझी ओळख नाही. याला बढाई म्हणायचं असेल तर म्हणा.

माझा जन्म कारखान्यात झाला. रबर, काळी भुकटी आणि पोलादाच्या बारीक तारा यांचे थर एकावर एक चढवले, मग तापलेल्या साच्यात घालून मला असं दाबलं की विचारू नका. बाहेर आलो तो टणटणीत होऊनच. माझ्या कुशीवर, म्हणजे बाजूवर, बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मी भार किती सोसेन आणि त्यासाठी माझ्यात हवा किती लागेल. माणसं टायरला लाथ मारून बघतात, पण ही अक्षरं वाचायला खाली वाकणारा विरळाच.

चांगदेवने नवी पिकअप घेतली तेव्हा मी त्याच्या घरी आलो. घर शिरूरजवळच्या एका वस्तीवर. त्याने गाडी आधी बुद्धविहारापुढे नेऊन उभी केली, वंदना झाली, पेढे वाटले, आणि काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलं. त्याची बायको सीमा गाडीभोवती फिरून आली आणि म्हणाली, "आता आपलं चांगलं हुईल बगा." मी मनात म्हटलं, होणारच! खाली मी आहे ना!

पहिली काही वर्षं चांगदेव शहाण्यासारखा वागला. सकाळी गाडी गार असताना तो हवा बघायचा. गाडीच्या कागदावर जेवढ्या वजनाची पासिंग, तेवढाच माल घ्यायचा. मित्रांनो, एक गुपित सांगतो. ओझं रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवा पुरेशी असली की आम्ही ताठ, आणि ती कमी पडली की आमची कूस प्रत्येक फेऱ्याला दुमडते, घासते, आतून तापते. माझ्यात हवा नीट असायची, म्हणून मी कधी दगा दिला नाही. चांगदेव चारचौघांत माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "टायर हाय का लोखंड?" अहाहा! काय बरं वाटायचं!

मग आमच्या भागातली एक खोड त्यालाही लागली. इथे पिकअप आली की लोक हौदा आधी बघत नाहीत, पाटे बघतात. पाटे म्हणजे गाडीखालच्या लोखंडी पट्ट्यांची चळत, तिच्यावर गाडी तोलून असते. माल जास्त भरला की पाटे वाकतात, गाडी मागून बसते आणि सगळे हसतात. म्हणून गॅरेजात जाऊन आणखी पाटे टाकून घ्यायचे. मग कितीही भरा, गाडी ताठच दिसते! चांगदेवनेही पाटे वाढवले आणि मिशीला पीळ देत म्हणाला, "आता हत्ती घातला तरी दबायची न्हाई."

अरे बाबा, गाडी दबली नाही, पण ओझं गेलं कुठं? ते आलं माझ्या बोकांडी! पाटे वाढवले, पण माझी ताकद तेवढीच होती ना! पण मला विचारतो कोण? गाडी ताठ दिसायची म्हणून चांगदेवला वाटायचं, सगळं ठीक आहे. हवा बघणंही हळूहळू सुटलं. स्टेपनीचं तर नावच काढू नका, ती बिचारी हौद्याखाली लोंबकळत कधीचीच अर्धपोटी होती.

आणि मग एप्रिलातली ती दुपार आली.

भीमेकाठी पारगावच्या बाजूला बापूसाहेब नावाच्या बागायतदाराची कांदा साठवायची चाळ होती. कांदा शिरूरच्या मार्केट यार्डात न्यायचा होता. गोण्या भरायला आमच्या वस्तीवरची बायकांची टोळी आली होती. टोळीची म्होरकी आक्काबाई, केस पांढरे पण आवाज खणखणीत. सीमाही तिच्याच टोळीत.

माल दोन खेपांचा होता. बापूसाहेब म्हणाले, "चांगदेव, दोनदा कशाला हेलपाटा? पाटे वाढवल्यात ना तू?"

"व्हय की साहेब, एकाच खेपंत नेतो," चांगदेव म्हणाला.

हौदा भरला, केबिनपेक्षा उंच गोण्या गेल्या, आणि त्या गोण्यांवर टोळी चढून बसली, कारण चाळीपासून परत जायला दुसरं वाहन नव्हतं. सीमा बसली मागे, डाव्या कोपऱ्यात. बरोबर माझ्या डोक्यावर.

थोडं पुढे चहाला गाडी थांबली. चांगदेवने मला लाथ मारून पाहिलं. ऊन मी म्हणत होतं, खाली डांबर भाजत होतं, वर दुप्पट ओझं. मी कडक झालो होतो आणि तापलो होतो.

"उन्हानं फुगलाय ह्यो. फुटंल एखाद्या वेळी," असं म्हणत त्याने किल्लीच्या टोकाने माझा हवेचा व्हॉल्व्ह दाबला. फुस्स! माझा श्वासच काढून घेतला की हो! मित्रांनो, धावून तापलेल्या टायरची हवा वाढलेलीच दिसते. ती काढायची नसते. खरं माप गार टायरचंच. ओझं वाढवलं आणि वर बळ काढून घेतलं, आता मी काय करणार होतो? मला रागही आला आणि, खरं सांगतो, भीतीही वाटली. माझ्यासाठी नाही, वर बसलेल्या सीमेसाठी.

गाडी वाटेतल्या न्हावऱ्याकडे निघाली. प्रत्येक खड्ड्यात माझी कूस दुमडत होती. आतले थर सुटू लागले, कुशीला मुठीएवढा फुगा आला. जळका वास सुटला. फुटलो असतो तर गाडी डावीकडे कलंडली असती, आणि गोण्यांबरोबर बायका रस्त्यावर आल्या असत्या. मागून तर ट्रकांची रांग होती. मला दात असते तर ओठ चावून धरले असते! एकेक तार ताणून मी म्हणत होतो, थांब रे चांगदेव, आता थांब.

माझं कुठलं ऐकू येणार? पण आक्काबाईने केबिनच्या टपावर धाडधाड हात मारले.

"थांबव रं! जळल्यागत वास येतोय!"

चांगदेवने गाडी कडेला घेतली, पण डोकं बाहेर काढून म्हणाला, "आक्का, कांदा तापलाय, त्येचा वास हाय."

"जलम गेला माझा कांद्यात, मला कांद्याचा वास शिकवतो व्हय? उतरा गं समद्या!"

बायका भराभर उतरल्या आणि बाभळीखाली जाऊन बसल्या.

"आता गाडी हितं रिकामी केली तर लोक काय म्हणतील? पाटे वाढवून बी चांगदेवची गाडी बसली म्हणतील," चांगदेव चिडून म्हणाला.

"लोकांचं मला सांगू नगं. म्या बसणार न्हाई, माझी एक बी बाई बसणार न्हाई. आन् तुझी बायको बी न्हाई."

सीमा बाभळीखालून उठली. ती माझ्याजवळ आली आणि वाकली. "अहो," ती हळूच म्हणाली, "ह्ये बगा हितं. म्या ह्याच्याच वर बसले व्हते."

चांगदेव खाली बसला. त्याने माझ्यावर हात ठेवला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. मग त्याला फुगा दिसला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वरच्या कोपऱ्याकडे, एकदा सीमेकडे. मिशीला पीळ देणारा तो गडी "सीमे," एवढंच म्हणाला आणि तोंडावर टॉवेल घेऊन ढसाढसा रडला.

मित्राची पिकअप मागवून निम्म्या गोण्या तिच्यात घातल्या. स्टेपनीत हवा भरून आणली आणि ती माझ्या जागी बसली. बायका रस्त्यावर एसटी थांबवून घरी गेल्या. पुढच्याच आठवड्यात वाढवलेले पाटे चांगदेवने उतरवून टाकले. कुणी हसलं तर हसू दे म्हणाला. आता तो सकाळी गार टायरांना हवा मोजायचं गेज लावतो, गाडीच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा आकडा बघून हवा भरतो, स्टेपनीलाही विसरत नाही. मालावर माणूस तर बसूच देत नाही. मला त्याने शाळेला देऊन टाकलं.

मित्रांनो, तुम्हाला अजून गाडी चालवता येत नाही, पण अडून बसता तर झकास येतं! घरची गाडी निघताना एकदा अडून बसा. म्हणा, आधी हवा बघा, माल कमी करा, मगच बसणार. मोठी माणसं ओरडतील, ओरडू द्या. मी फुटलो असतो तर काय झालं असतं, ते मला ठाऊक आहे. तुमच्या वर्गातली गौतमी रोज मधल्या सुट्टीत माझ्यावर बसून डबा उघडते. ती चांगदेवचीच मुलगी. तिला भाकरीचा पहिला तुकडा मोडताना पाहिलं की मी माझी सगळी बढाई विसरतो, कारण ती भाकरी आजही तिची आई सीमाच थापते.