कानांना खिडक्या असलेलं टोपडं

मित्रांनो, मी एक जुनं टोपडं आहे. माझा पिवळा रंग उडाला आहे, एक बंद दुसऱ्यापेक्षा आखूड झाला आहे आणि हनुवटीपाशी औषधाचा गुलाबी डाग पडला आहे, तो काही केल्या जात नाही. तरी मला हसू नका. टोपड्याचं काम कान झाकण्याचं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी मात्र कान मोकळे ठेवणारं टोपडं आहे, आणि याचा मला थोडा गर्वही आहे.

माझा जन्म तेलंगणाच्या सीमेवरच्या बेला गावातला. द्वारकाबाईंनी मला शिवलं. उभा जन्म कापूस वेचण्यात गेलेल्या त्यांच्या बोटांना रिकामं बसणं ठाऊक नव्हतं. मुलगा संघपाल शाळेत मास्तर झाला, सून प्रतिभा घरात आली आणि मग नात झाली, अर्पिता. अगदी एवढीशी! तिच्या हृदयाला छिद्र होतं. ऑपरेशन करावं लागेल, पण आधी वजन वाढू द्या आणि तोवर सर्दी-खोकल्याला जवळ फिरकू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या आदिलाबादकडची थंडी म्हणजे काही गंमत नव्हे. द्वारकाबाईंनी माझ्या कानपट्ट्यांत कापसाचा चांगला जाड थर भरला.

अर्पिता दूध पितानाच दमायची. चार घोट घेतले की कपाळावर घाम. प्रतिभा चमच्याने दूध पाजायची, मधे थांबून तिचा श्वास बघायची, पुन्हा चमचा भरायची. एक दूध संपेपर्यंत दुसऱ्याची वेळ व्हायची. त्या माउलीला कंटाळलेलं मी कधी पाहिलं नाही. रडताना पाहिलं, पण तेही ती तोंड फिरवून रडायची.

"लई शांत पोरगी हाय," द्वारकाबाई कौतुकाने सांगायच्या. "दाराशी वरातीचा ब्यांड वाजला, तरी डोया उघडला नाई!"

नागपूरला तपासणी झाली तेव्हा त्या शांतपणाचं कारण कळलं. पोरीला फारच कमी ऐकू येत होतं. त्यानंतर द्वारकाबाईंनी ब्यांडची गोष्ट कुणाला सांगितली नाही.

मग कानामागे लावायची दोन यंत्रं आली. जागेपणी ती कानांवर असलीच पाहिजेत, नाहीतर बोलणं शिकायचे कोवळे दिवस वाया जातील, असं तिथल्या श्रवणतज्ज्ञ वृषालीताईंनी समजावलं. पण आमच्या अर्पिताबाई पक्क्या! यंत्र लावलं की ओढायचं आणि थेट तोंडात घालायचं. आतली गोळीएवढी बॅटरी पोटात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. तेव्हा द्वारकाबाईंना माझी आठवण झाली. त्यांनी यंत्रांवरून मला चढवलं आणि बंद बांधले. चिमुकले हात माझ्याशी खूप झगडले, पण मी काही सुटलो नाही. घरात आनंदीआनंद झाला.

तो फार टिकला नाही. यंत्रं लावल्यावर प्रतिभा रोज सकाळी वाकून विचारायची, "आलं का वं आयकू, माय?" पहिल्या काही दिवसांत अर्पिता त्या आवाजाकडे मान वळवू लागली होती. आता वळवेना. होतं तेवढंही ऐकू येणं गेलं की काय, या धास्तीने संघपालचा चेहरा उतरला.

एके दुपारी केस विंचरायला प्रतिभाने मला काढलं. यंत्रं कानांवरच होती. द्वारकाबाईंच्या हातून पळी पडली आणि अर्पिताने झटकन तिकडे पाहिलं. प्रतिभा चमकली. तिने मला पुन्हा चढवून हाक मारली, तर काही नाही. काढून मारली, तर मान वळली.

"आत्याबाई, आवाज या टोपड्यातच अडकून राह्यला!"

"मंग काय कान उघडे टाकू?" द्वारकाबाई कळवळून म्हणाल्या. "वारं लागलं, खोकला झाला, त ऑपरेशन पुढं जाईन. जीव मोठा का आयकणं मोठं?"

"मले दोन्ही पाह्यजे, आत्याबाई. दोन्ही."

द्वारकाबाई उठल्या. त्यांनी पेटी उघडली. बुद्धपौर्णिमेला विहारात नेसून जायची पांढरी, तलम सुती साडी बाहेर काढली आणि तिच्या पदरालाच कात्री लावली. माझ्या कानपट्ट्यांना यंत्रांएवढ्या खिडक्या पाडून त्यांवर ते एकेरी कापड बसवलं. वारा अडेल आणि आवाज जाईल, असं ते काम होतं.

"काऊन कापली जी ती साडी?" प्रतिभाला राहवेना.

"साडी दुसरी भेटन. पोरीले हे दिवस दुसरे कुठून भेटतीन?"

दुसऱ्या दिवशी प्रतिभाने खिडकीपाशी तोंड आणून नेहमीचा प्रश्न विचारला आणि अर्पिताने मान वळवली. तो हिवाळा आम्ही खोकल्याविना काढला.

ऑपरेशन हैदराबादला झालं. ऑपरेशन थिएटरच्या दारातच यंत्रांसह मला उतरवून घेतलं. द्वारकाबाईंनी मला मुठीत धरलं, ती मूठ डॉक्टर बाहेर येईपर्यंत सैल झाली नाही. अर्पिता शुद्धीवर आली तेव्हा भोवती नळ्या, अनोळखी चेहरे आणि आवाज कुठलाच नाही. लेकरू भेदरून गेलं. प्रतिभाने मोडक्यातोडक्या तेलुगूत नर्सबाईंना विनवलं, यंत्रं लावली, वरून मला सैलसर बांधलं आणि विचारलं, "आलं का वं आयकू, माय?" रडणं थांबलं. मित्रांनो, त्या क्षणी मी तिथे होतो, याहून मोठा मान मला नको.

आता अर्पिता तीन वर्षांची आहे. औषधं आणि तपासण्या चालूच आहेत. कान वाढतात तसे यंत्रांचे कानात बसणारे साचे बदलावे लागतात. ओल लागू नये म्हणून यंत्रं रात्री कोरड्या डबीत झोपतात. सकाळी उठल्याबरोबर कानाला बोट लावून ती स्वतःच मागते. माझी गरज सरली.

तुमच्या शाळेत असं यंत्र लावलेलं कुणी मूल असेल, तर ते गंमत म्हणूनही ओढू नका. मागून ओरडू नका, समोर येऊन बोला. त्याने पुन्हा विचारलं, तर न कंटाळता पुन्हा सांगा. त्या यंत्रामागे एखाद्या घराचे किती कष्ट असतात, ते मी पाहिलं आहे.

काल अर्पिताने मला पेटीतून ओढून काढलं. मला वाटलं, आता फरशी पुसायची पाळी आली. पण तिने मला आपल्या बाहुलीच्या डोक्यावर चढवलं. बंद आजीकडून बांधून घेतले. खिडकी बाहुलीच्या कानावर नीट आणली, वाकून तिथे तोंड लावलं आणि विचारलं, "आलं का वं आयकू, माय?"

बाहुली काय बोलणार! उत्तर चुलीपाशी बसलेल्या प्रतिभाने दिलं.

"आलं वं माय, आलं."