गिळ्याच्या गुहेतली देवकी

सुरगाण्याच्या वरच्या डोंगरात राहणाऱ्या त्या जनावराला लोक गिळ्या म्हणायचे. दिसायला घोरपडीसारखं, पण अंगाने बैलाएवढं. गावाच्या शेळ्या, वासरं त्याने ओढून नेली होती आणि बंदुकीची गोळी त्याच्या पाठीवरून घसरायची. नाशिकला कॉलेजात तिरंदाजी करणारी सविता सुट्टीत घरी आली, भिंतीवरचा तिरकमठा उतरवला आणि एकटीच डोंगर चढली.

कड्यापाशी गाठ पडली. पहिले बाण वाया गेले. शेपटीच्या फटक्याने ती खडकावर आदळली, खांदा सोलवटून निघाला. गिळ्याने जबडा उघडला, तसा तिने शेवटचा बाण थेट त्याच्या घशात मारला.

तो कोसळला. आणि मागच्या गुहेत कुणीतरी खोकलं.

आत एक मुलगी बसली होती. अंगाची नुसती काडी, केसांच्या जटा. सविताला बघताच ती ढसाढसा रडायला लागली.

“सवे! आलीस गं!”

“तू कोण?”

मुलीचं रडणं थांबलं. “मी देवकी. तुझी मोठी बहीण.”

“मला बहीण नाय.”

“हाय,” देवकी म्हणाली. “गिळ्या माणूस खात नाय, सवे. ज्याला ओढून आणतो, त्याची घरच्यांच्या मनातली आठवण खातो. माझ्याआधी इथं एक म्हातारा होता. तो सांगायचा, आपली बायको गावात सुखात असल, तिला नवरा होता हेच तिला ठाऊक नसल.”

ही पोरगी खोटं बोलते, असं सविता मनाला बजावत राहिली.

“तुला नेम धरायला मीच शिकवलं,” देवकी म्हणाली. “तुझा तिरकमठा माझ्या तिरकमठ्याशेजारी टांगायचा हट्ट होता तुझा.”

सविताला घरची भिंत आठवली. तिच्यावर दोन तिरकमठे होते. दुसरा कुणाचा, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. ती तर इथे शेळ्यांसाठी आली होती.

उतरताना देवकीने विचारलं, “आईला तरी मी आठवत असल ना?”

सविताने तिचा हात घट्ट धरला.

सविताची आई भिमाबाई दारातच उभी होती. लेकीचा रक्ताळलेला खांदा बघून ती धावली, मग थबकली. “कुणाची गं ही पोर?”

सविताच्या हातातला हात गार पडला.

“आपली,” सविता म्हणाली. “आई, ही आपली देवकी. आपण हिला विसरलो.”

भिमाबाई हसायला गेली, पण हसू फुटेना. समोर तिच्या नवऱ्याचं, झिपरूचं नाक होतं, तिची स्वतःची हनुवटी होती. तिने बोटांनी ती हनुवटी चाचपली. तिला उंबऱ्यावर बसवून तिने पोरीचा चेहरा ओंजळीत धरला.

“मला काय बी आठवत नाय गं,” ती म्हणाली. “तू सांग. सगळं सांग.”

देवकीने तोंड उघडलं, पण सुरुवात कुठून करावी हे तिला कळेना.