एकटीचा दोष

गंगव्वा भाकऱ्या थापत होती आणि तिची थोरली मुलगी महानंदा गॅलरीतल्या उन्हात बाळाला तेल लावत होती. बाळ पाच महिन्यांचं झालं तरी मान धरत नव्हतं. महानंदाची आधीची दोन्ही बाळं अशीच मऊ पडत गेली आणि वर्षाच्या आत दगावली. तिसऱ्याच्या मानेबद्दल घरात कोणी बोलत नसे.

राजारामपुरीतल्या त्या घरी त्या सकाळी धाकट्या शांभवीला हैदराबादहून फोन आला. तिने जीवशास्त्रात एम.एस्सी. करून पुण्यात बायोइन्फर्मॅटिक्सचा कोर्स केला होता. २००४ सालचा तो काळ. जनुकांवर संशोधन करणाऱ्या नव्या प्रयोगशाळांना जीवशास्त्र आणि संगणक दोन्ही जाणणारी माणसं हवी होती आणि ती सहज मिळत नव्हती. अशाच एका प्रयोगशाळेत शांभवीला नोकरी लागली होती.

तिने ती बातमी सांगण्याआधीच सोमशेखर आला. तो गंगव्वाचा धाकटा भाऊ आणि महानंदाचा नवरा. मुलगी मामाला द्यायची, ही त्यांच्या घराण्याची जुनी रीत. कागलला त्याचं खताचं दुकान होतं.

चहा पिऊन तो बहिणीला म्हणाला, "आक्का, डाक्टरनं याच्याफुडंबी हात टेकलं. हिच्या पोटातच दोष हाय. धाकटीला दे मला. ही बी ऱ्हाईल की घरात, मी काय हाकलत न्हाय."

महानंदा बाळाचे पाय चोळत राहिली. गंगव्वाला भावापुढे बोलता येईना.

शांभवी पुढे आली. "मामा, दोष अक्काच्या एकटीत न्हाय. तुमच्यातबी हाय."

"मला काय झालंय? पोती एकटा उचलतोय की."

"तुम्हाला काय होत न्हाय, अक्कालाबी न्हाय. एकाच घराण्यातनं दोघांकडं आलंय. दोघांकडनं आलं की बाळाला भोवतंय. माझ्यातबी असंल."

"शिकून मामालाच नावं ठेवायला लागलीस व्हय?" सोमशेखर उठून गेला.

महानंदाने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. दुसऱ्यांच्या बारशात बायका तिला पाळण्याजवळ फिरकू देत नसत. "शांभू," ती म्हणाली, "हे मला आजवर कुणी सांगितलंच न्हाई गं."

संक्रांतीच्या आधी बाळ गेलं. माती देऊन आल्यावर सोमशेखरने पुन्हा तोच विषय काढला. या वेळी गंगव्वा बोलली.

"एक दिली, तिची सगळी लेकरं मातीत गेली. दुसरी देत न्हाय."

"मग हीबी ठेवून घे," तो म्हणाला आणि बहिणीच्या घरी पुन्हा आला नाही.

हैदराबादला निघालेल्या शांभवीला सोडायला महानंदा एसटी स्टँडवर गेली. गाडी लागल्यावर तिने विचारलं, "तुझं हे काम आधी असतं तर माझं बाळ वाचलं असतं?"

शांभवीला खोटं बोलवेना. "न्हाई अक्का. अजून औषध न्हाई. दोघांचं रक्त तपासून आधी कळतंय, एवढंच."

उन्हाळ्यात कळलं की महानंदाशी काडीमोड न घेताच सोमशेखरचं दुसरं लग्न ठरलंय. मुलगी निपाणीची, नुकती बारावी झालेली, त्याच्या मधल्या बहिणीची.

महानंदा एकटीच निपाणीला गेली. मावशीने तिला आत घेतलं नाही. महानंदाने दारातूनच सांगितलं, "मावशी, आधी दोघांचं रक्त तपासा. माझी तिन्ही लेकरं..."

"पोरीचं बरं चाललंय ते बघवंना व्हय तुला?" मावशीने दार लावून घेतलं.

महानंदा पायरीवरच बसली. आतून मुलीचा आवाज आला, ती आईला विचारत होती, "अव्वा, काय म्हणत होती ती?"

महानंदा उठली आणि बंद दाराला तोंड लावून, मुलीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, पहिल्यापासून सांगू लागली.