व्हय म्हणेपर्यंत

स्पष्टच सांगतो, मला भुवनेश्वरी मॅडम बघवत नाहीत. बाई वाईट आहेत असं न्हाय. वाईट असत्या तर बरं झालं असतं, चार लोकांत नावं तरी ठेवता आली असती. पण त्या हसून नमस्कार करतात, स्टाफरूममध्ये माझ्यासाठी खुर्ची सोडतात, उमरग्याहून येताना सगळ्यांसाठी चिवडा आणतात. असल्या माणसावर जळायचं म्हणजे लई अवघड काम आहे, आणि ते मी दिवाळीपासून नेटानं करतोय.

मी राजपाल सर. कळंबच्या कॉलेजात वीसेक वर्षं इंग्रजी शिकवतोय, कायम नोकरीत. त्या यंदाच लागल्या, तासिका तत्त्वावर. वय माझ्या निम्मं. मग जळायचं कुणी कुणावर, असं कुणीही विचारील. विचारू द्या.

झालं असं की बी.ए. दुसऱ्या वर्षाला इंग्रजी संभाषणाचा नवा पेपर आला. प्राचार्यांनी आधी मलाच बोलावलं. मी म्हणालो, "सर, बोलणं हा काय पेपर असतो का? द्या त्या नव्या बाईंना." त्यांनी दिला. आणि त्याच वर्गात माझी पोरगी बसते, श्रावस्ती. हे मी तेव्हा ध्यानातच घेतलं नाही.

माझी शिकवायची एक पद्धत आहे. 'विमानतळावर' नावाचा संवाद मी दरवर्षी पाठ करून घेतो. कळंबात विमान दिसतं ते फक्त आभाळात, पण माझी पोरं तिकीट, सामान, पासपोर्ट सगळं घडाघडा म्हणून दाखवतात. मधे चूक झाली की मी तिथंच थांबवतो. वाक्य पुन्हा पहिल्यापासून. मला कुणी लाडानं शिकवलं नव्हतं. आमचं गाव सास्तूर. वडील आबाराव दुसऱ्याच्या शेतात राबायचे, आणि मी मालकाची बैलगाडी हाकता हाकता, रेडिओवर ऐकलेल्या इंग्रजी बातम्या बैलांना म्हणून दाखवायचो. दुसरं होतं कोण ऐकायला? इंग्रजीत एम.ए. झालेला मी आमच्या आळीतला पहिला. ही बैलांची गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगतो, घरी तर किती वेळा सांगितली असेल.

आणि या बाईंनी पहिल्याच आठवड्यात काय केलं, तर बाकं भिंतीला लावली. दोन-दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. एकाच्या हातात चित्र, ते त्यानं इंग्रजीत सांगायचं. दुसऱ्यानं न बघता नुसतं ऐकून काढायचं. एका पोरानं म्हशीला सायकलीवर बसवलं म्हणून सगळा वर्ग खिदळत होता. माझा वर्ग शेजारीच. मधली भिंत असली काय, नसली काय, सारखीच.

मग त्यांनी दुसरा खेळ काढला, तो तर पार डोक्यात गेला. जोडीतला एकजण इंग्रजीत काहीतरी सांगणार. दुसऱ्यानं लगेच आपलं घोडं पुढं दामटायचं नाही. समोरचा काय बोलला ते आधी आपल्या शब्दांत त्यालाच परत सांगायचं. त्याला पटलं तर तो म्हणणार "व्हय". नाही पटलं तर "न्हाय", मग पुन्हा सांगायचं. समोरचा व्हय म्हणेपर्यंत आपलं बोलायला परवानगी नाही. अख्ख्या तासात मराठी शब्द चालणार फक्त हे दोन. पोरांनी नावही ठेवलं, व्हयचा तास. हजेरीला कधी न दिसणारी पोरं त्या तासाला सकाळी मुक्कामाची एसटी पकडून यायला लागली.

मी स्टाफरूममध्ये म्हणालो, "मॅडम, पोरं चुका लई करायलीत. ऐकू येतं इकडं."

"व्हय सर," त्या म्हणाल्या, "पण बोलायलीत."

मी गुमान चहा प्यायलो.

खरी आग लागली ती एका मंगळवारी. मी फळ्यावर लिहीत होतो आणि भिंतीपलीकडून एक आवाज आला. पोरगी इंग्रजीत बोलत होती, भडाभडा. काळाचा पत्ता नाही, एकवचन-अनेकवचनाचा मेळ नाही, मधेच हसत होती, हसताना पुढचं वाक्य सुरू करत होती. आवाज श्रावस्तीचा होता. माझा खडू हातातच राहिला.

कारण घरी ही पोरगी माझ्याशी इंग्रजीतलं एक वाक्य बोलत नाही. मी रोज जेवताना म्हणतो, "श्रावस्ती, आज काय काय केलं ते इंग्रजीत सांग." ती ताटात बघते. फार झालं तर 'येस पप्पा'. लहान होती तेव्हा बोलायची, कविता म्हणायची, पुढं पुढं बंद झालं. दुसऱ्यांच्या पोरांना मी शिकवलं, आणि मला आयुष्यात एकच हौस उरली होती, की माझ्या लेकीनं माझ्याशी इंग्रजीत गप्पा माराव्यात. सास्तूरच्या त्या पोराला बैलांशिवाय कुणी भेटलं नव्हतं, त्याला घरात एक माणूस मिळावं. आणि ते माणूस तिकडं, काल आलेल्या बाईंसमोर, मोकळं सुटलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उरलेला तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मला सगळीकडं मॅडमच दिसायला लागल्या. रोज सकाळी आम्ही बापलेक स्कूटरवर कॉलेजला जातो, ती मागं बसते. मागं बसून ती काहीतरी पुटपुटत असते, हे मला बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं. वाऱ्यात कळत नाही. मी विचारतो, "काय गं?" ती म्हणते, "काही न्हाय पप्पा." मला वाटलं, मॅडमशी फोनवर बोलत असणार. एकदा मुद्दाम बाजार समितीपाशी ब्रेक दाबला आणि मागं वळून बघितलं. हातात फोन नव्हता, नुसती पिशवी होती. म्हणजे मॅडमचा धडा घोकतीय, मी ठरवून टाकलं. स्कूटर माझी, पोरगी माझी, आणि नामस्मरण त्या बाईंचं. त्या दिवशी मी प्रत्येक खड्डा नीट निवडून घेतला.

मग नोटीस लागली. शनिवारी व्हयचा तास सभागृहात. प्रत्येकानं घरचं एक माणूस आणायचं. घरचं माणूस मराठीत बोलेल, पोरं ते इंग्रजीत परत सांगतील. मग पोरं इंग्रजीत बोलतील, आणि घरच्यानं काय समजलं ते मराठीत सांगायचं. मी दोन दिवस वाट बघितली. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. श्रावस्ती काहीच बोलेना. शेवटी माझी बायको दीक्षा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, शनिवारी मी येणार हाय कॉलेजला. श्रावस्तीनं बोलावलंय."

"तुला?" मी म्हणालो. "इंग्रजीतलं तुला काय कळतंय?"

"नसंल कळत. बोलावलंय म्हणून जाते."

"घरात इंग्रजीचा प्राध्यापक असताना?"

तिनं भाकरी उलटली. "ते मला इचारू नका, पोरीला इचारा."

पोरीला विचारायला तोंड लागतं. माझ्या तोंडाला त्या दिवशी कुलूप लागलं होतं. जेवलो नाही नीट.

शनिवारी सभागृह भरलं. शेतातनं आलेले बाप, इरकली लुगडी नेसलेल्या आज्या, कुणाचा चुलता. मी दारात उभा राहिलो, शिस्त बघायला म्हणून. शिस्त बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

दीक्षा आणि श्रावस्ती समोरासमोर बसल्या. आधी दीक्षा बोलली, लग्न होऊन आली तेव्हा सास्तूरला नळ घरापासून किती लांब होता ते. श्रावस्तीनं ते इंग्रजीत सांगितलं. पाच चुका केल्या, मी मोजल्या. दीक्षा म्हणाली, "व्हय," जशी काही ऑक्सफर्डहून शिकून आली होती. मग श्रावस्तीची पाळी. ती सावकाश, हात हलवत इंग्रजीत बोलली, की आई, तू भाकरी करताना मी काहीही सांगत असते, तू तव्याकडं बघतीस, पण सगळं ऐकतीस.

दीक्षानं जरा डोळे बारीक केले. "तू म्हणतीस, माझं तोंड चुलीकडं असलं तरी कान तुझ्याकडं असत्यात."

"व्हय," श्रावस्ती म्हणाली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी सगळ्यांत आधी.

आता माझ्यानं राहवेना. मी दारातूनच म्हणालो, "हिला इंग्रजीचा गंध नाही. हातवारे बघून अंदाजानं ठोकलंय हे. याला काय शिकवणं म्हणायचं?"

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात दीक्षाच उठली. पदर सारखा केला, आणि शांतपणे म्हणाली, "मग तुम्ही बसा."

सगळ्यांसमोर बायकोनं खुर्ची रिकामी करून दिल्यावर माणूस जाणार कुठं? मी जाऊन बसलो. मनात म्हणालो, आता दाखवतो. पोरगी समोर, इतक्या वर्षांनी माझ्याशी इंग्रजीत बोलणार. तिनं मॅडमकडं बघितलं, ते मला आवडलं नाही. मग माझ्याकडं बघितलं आणि सुरू केलं. शब्द इंग्रजी होते, इथं मी मराठीत सांगतो. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही लहानपणी बैलांशी इंग्रजी बोलायचा. मी रोज स्कूटरवर तुमच्या पाठीशी बोलते. बैल चुका काढत नव्हते. पाठ पण काढत न्हाय."

वाक्यं अशी वेडीवाकडी होती की माझी जीभ सवयीनं वळवळली. ती चावली आणि मी कामाला लागलो. मराठीत सांगायचं सोडून, सुरेख, सफाईदार इंग्रजीत मी म्हणालो, की माझी मुलगी सांगते आहे, तिच्या वडिलांप्रमाणे तीही प्रवासात इंग्रजीचा सराव करते. मागच्या रांगेतून कुणीतरी 'वा सर' म्हणालं.

"न्हाय," श्रावस्ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा सांगितलं, आणखी चांगले शब्द वापरून. वाऱ्याच्या आवाजात संकोच वाटत नाही म्हणून ती स्कूटरवर सराव करते.

"न्हाय."

पोरं हसली नाहीत. हसली असती तर मला चिडता आलं असतं. दीक्षा बाजूला उभी होती, ती जमिनीकडं बघत होती. माझ्या ध्यानात आलं, की श्रावस्ती बोलत होती तेव्हा मी तिच्या चुका गोळा करत होतो, आणि आता हातात फक्त चुकाच होत्या. वाक्यं सांडून गेली होती. मी म्हणालो, "पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. तेच, तसंच वेडंवाकडं. मी या वेळी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. रोज सकाळची पुटपुट आठवली, 'काय गं' आणि 'काही न्हाय पप्पा' आठवलं. मग माझ्या तोंडातून मराठीच निघालं.

"तो सराव न्हवता. तू माझ्याशीच बोलत होतीस. तोंडावर बोललं की मी मधेच अडवतो, म्हणून पाठीशी."

ओठ दाबून धरले होते तिनं.

"व्हय," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या का नाहीत मला माहीत नाही. नियमाप्रमाणं आता माझी बोलायची पाळी होती. मी उठलो आणि खुर्ची दीक्षाला परत दिली.

भुवनेश्वरी मॅडम नंतर माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, तिसऱ्या वेळी जमलं तुम्हाला. काहींना महिना लागतो." कौतुकच केलं त्यांनी, पण माझ्या पोटात दुखायचं ते दुखलंच. माझी पोरगी माझ्याशी वर्षभर बोलत होती आणि ते मला कळलं त्यांच्या खुर्चीत बसून. हे त्यांना मी कधी माफ करीन असं वाटत नाही.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. बाजार समिती मागं पडली तशी मागं पुटपुट सुरू झाली. मी 'काय गं' म्हणालो नाही. स्कूटर कडेला घेऊन हळू केली, कान मागं लावला आणि जेवढं कळलं तेवढं मोठ्यानं म्हटलं, "तुझ्या मैत्रिणीच्या गाईला कालवड झाली."

"न्हाय," मागून आवाज आला. पण हसली.

कॉलेजच्या घंटेला दहा मिनिटं होती आणि पहिला तास माझाच होता. मी स्कूटर आणखी हळू केली.