पाय न बुडवता

शुक्रवारी संध्याकाळी ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कोरिंडल गावच्या फुटबॉल क्लबात मांसाची सोडत असते. तिकीट घ्यायचं, नंबर लागला तर चॉप्स नाहीतर मेंढीची तंगडी काखेत मारून घरी जायचं. एरवी सोडत आटोपली की माणसं बिअर संपवून पांगतात, कारण सकाळी धारा काढायच्या असतात. त्या शुक्रवारी मात्र कोणी खुर्ची सोडायला तयार नव्हतं. हॉलच्या मध्यभागी एक निळा टब होता, टबात कोमट पाणी होतं आणि पाण्यात बेकरीवाल्या शर्लीचे पाय होते.

टबाशेजारी एक डबी, डबीतून निघालेली वायर, आणि वायरीच्या टोकाला पाण्यात सोडलेलं धातूचं भेंडोळं. हे यंत्र विकायला गावात आलेल्या ओरिन स्विफ्टने पाण्यात चिमूटभर 'समुद्री स्फटिक' टाकले आणि बटण दाबलं. पाणी पिवळं झालं, मग नारिंगी, मग उकळून उकळून करपलेल्या चहासारखं तपकिरी. वर फेस आला. मागचे लोक खुर्च्यांवर चढून बघू लागले.

"घाबरू नकोस, शर्ली. हे तुझ्यातून बाहेर पडतंय," ओरिन मऊ आवाजात म्हणाला. "नारिंगी आहे ते सांध्यांतलं विष. तपकिरी यकृतातलं. आणि ते काळे कण दातांत भरलेल्या धातूचे."

"माझी तर कवळी आहे," शर्ली म्हणाली.

"मग ते तुझ्या आईच्या दातांचे. वारशाने आलेत."

मी एकटीच हसले. क्लबचा प्रशिक्षक नॉर्म माझ्याकडे वळला. "पास्को बाई, तुम्हाला देवाचाही संशय येतो."

"देव अजून पाय धुवायचे पैसे मागत नाही, नॉर्म."

या हॉलमधल्या निम्म्या लोकांना मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. त्यांनी ते किती मनावर घेतलं, हे समोर दिसतच होतं. नॉर्मने तर ओरिनकडून एक यंत्र घरी न्यायचंही ठरवलं होतं. कोणासाठी, हे कोणी विचारलं नाही.

गाव एवढं वेडं का झालं, याचं उत्तर पहिल्या रांगेत बसलं होतं. त्याचं नाव डार्सी. नॉर्मच्या संघाचा उंच खेळाडू, माझा जुना विद्यार्थी. उन्हाळ्यानंतर हा पोरगा वाळत वाळत पार काडी झाला. मॅच अर्धी टाकून मैदानातून पळायचा, आणि नॉर्म त्याला चारचौघांत आळशी म्हणायचा. मग ओरिन गावात आला, डार्सीने त्याच्या टबात पाय बुडवले, आणि गेल्या शनिवारी त्याने सहा गोल मारले. सहा गोल मारणाऱ्याच्या पायाचं तीर्थ प्यायलाही आमचं गाव कमी करणार नाही.

माझं लक्ष मात्र त्याच्या पायांकडे नव्हतं, तोंडाकडे होतं. अंगावर मांस नाही आणि गाल मात्र टम्म. असे गाल मी माझ्या घरात पाहिले होते. मी त्याला खूण करून बाहेर बोलावलं.

"गोळ्या कसल्या घेतोस?" मी विचारलं.

"कसल्या गोळ्या?"

"माझ्या नवऱ्याला दम्यासाठी द्यायचे. त्याचंही तोंड असंच सुजायचं आणि भूक राक्षसासारखी लागायची. स्टेरॉइड ना?"

त्याने बुटाने खडी उकरली. मग म्हणाला, "क्रोन्स म्हणतात. आतड्यांचा आजार. शरीर आपल्याच आतड्यांवर तुटून पडतं. वॉर्नम्बूल शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून बघितलं. म्हणाल्या, हा आजार जन्मभर राहणार."

"घरी सांगितलंस?"

"काय सांगू? दिवसातून दहादा संडासला पळतो, रक्त पडतं, हे सांगू? पाय मोडला असता तर मिरवलं असतं."

खरं होतं त्याचं. आमच्याकडे पुरुष मोडलेल्या हाडाच्या गोष्टी चवीने सांगतात आणि पोटाचं दुखणं सोबत घेऊन मरतात.

"गुरुवारी शिरेतून औषध द्यायला बोलावलंय," तो म्हणाला. "गोळ्या हळूहळू कमी करायच्या आणि पुढे ते औषध. पण ओरिन म्हणतो, त्या औषधाने शरीरातला पहारेकरीच झोपतो. जाऊ नको म्हणतो. गोळ्याही सोमवारपासून बंद कर, त्याचं पाणी पुरेसं आहे."

"म्हणजे त्याला गोळ्यांचं माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी त्याने विचारलं. म्हणाला, लोकांना बोलू नको, उगाच गोंधळ होईल."

मला संताप आला. एवढा वेळ मी ओरिनला नुसता भोंदू समजत होते. हा तर पोराच्या जिवावर उठला होता.

"या गोळ्या एकदम सोडल्या तर माणूस कोसळतो, हे डॉक्टरांनी सांगितलं असेल."

"सांगितलंय. पण मला बरं वाटतंय, बाई. बरं वाटत असताना जन्मभराचं औषध कोण सुरू करतं?"

"बरं कशाने वाटतंय, तेवढंच शोधू. पाण्याने असेल तर गुरुवारचं मीच फोन करून रद्द करते. कबूल?"

"आणि माझं नाव?"

"तुझं दुखणं तुझं. माझ्या तोंडून निघणार नाही."

आत गेलो. त्या दिवशी माझ्या तिकिटाला मेंढीची तंगडी लागली होती. मी टबातलं पाणी बदलायला लावलं, तंगडीचं प्लास्टिक सोडलं आणि ती पाण्यात उभी केली.

"हे यंत्र माणसांसाठी आहे," ओरिन म्हणाला.

"हिचेही सांधे दुखत होते," मी म्हणाले. लोक हसले, आणि हसणाऱ्या लोकांना नाही म्हणणं धंद्याला परवडत नाही. त्याने बटण दाबलं. पिवळं, नारिंगी, तपकिरी. फेससुद्धा आला.

"अरेरे," मी म्हणाले, "यकृतही गेलेलं दिसतंय. बाकीच्या मेंढीत राहिलं वाटतं."

ओरिन काही कच्चा नव्हता. "कापताना जनावर घाबरतं. ती भीती मांसात उतरते. तुम्ही सगळे तेच खाता, म्हणून तर हे सगळं होतंय."

आणि लोकांनी माना डोलावल्या. माझा डाव उलटत होता. डार्सी उठला. त्याने तंगडी काढून माझ्या हातात दिली, टब बाहेर ओतून आला, धुतला, नवं पाणी भरलं.

"आता काहीच न बुडवता लावा," तो म्हणाला.

"रिकामं चालवलं तर यंत्र जळेल."

"जळू दे. मी भरून देतो."

स्फटिक त्यानेच टाकले, बटणही त्यानेच दाबलं. पाणी पिवळं झालं, नारिंगी झालं, तपकिरी झालं. टबात ना पाय, ना तंगडी.

नॉर्म वाकून बघत होता. "हे मी रोज करतो की," तो सावकाश म्हणाला. "शेडमध्ये. जुन्या ट्रॅक्टरच्या गंजलेल्या नटांना. बादलीत धुण्याचा सोडा, बॅटरीचा चार्जर आणि लोखंडाची पट्टी. पट्टी झिजते आणि पाणी अस्संच होतं."

"गंज आहे तो," मी म्हणाले. "मीठ, वीज आणि लोखंड. ते भेंडोळं झिजतंय. निम्म्या गावाच्या शेडमध्ये हा चमत्कार पडून आहे."

"मग या पोराचं काय?" ओरिनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सहा गोल काय गंजाने मारले? बोला ना, बाई."

माझ्याकडे उत्तर होतं, पण मी शब्द दिला होता. सगळं गाव डार्सीकडे बघू लागलं.

त्याने खिशातून व्हिटॅमिनची बाटली काढली. "यात व्हिटॅमिन नाहीत. स्टेरॉइड आहे. टबात पाय घातले त्याच आठवड्यात सुरू केलंय. ओरिनला माहीत होतं. मला क्रोन्स आहे, आतड्यांचा आजार. मॅच सोडून पळायचो ते संडासला." तो नॉर्मकडे वळला. "आळशी नव्हतो."

नॉर्म टबापासून मागे सरला आणि खुर्चीत बसला.

ओरिनने वायरी गुंडाळल्या. त्याला कोणी मारलं नाही, कोणी अडवलंही नाही. शर्ली एवढंच म्हणाली, "पण मला हलकं वाटलं होतं गं."

"कोमट पाण्यात पाय सोडून बसलं की वाटतंच," मी म्हणाले. "घरी फुकट मिळतं."

गुरुवारी मी डार्सीला वॉर्नम्बूलला घेऊन गेले. वाटेत त्याने विचारलं, "याने बरा होईन?"

"ताब्यात राहील, असं डॉक्टर म्हणतात. एखादं औषध लागू पडत नाही, मग दुसरं देतात. डॉक्टरीणबाई खोटी खात्री देत नाहीत, म्हणून मला त्यांचा संशय येत नाही."

वॉर्डात आरामखुर्च्यांची रांग होती. खिडकीजवळच्या खुर्चीत हाताला सलाइन लावून एक बाई विणत बसली होती. तिने मान वर केली. ती ग्लेनिस होती, नॉर्मची बायको. दर दोन महिन्यांनी ही वॉर्नम्बूलला खरेदीला जाते, असं सगळं गाव समजत होतं.

"किती वर्षं?" डार्सीने विचारलं.

"नऊ. तुझंच दुखणं." तिने शेजारची खुर्ची थोपटली. "ते यंत्र नॉर्म माझ्यासाठीच आणणार होता. मला यातून सोडवायचं होतं त्याला. ये, बस इथे."

"नॉर्म कुठे आहेत?"

"खाली गाडीत. वर कधी येत नाही. कोणी बघेल म्हणून."

नर्सने डार्सीच्या हाताची शीर शोधली. थेंब पडू लागले, रंगहीन, साध्या पाण्यासारखे. तेवढ्यात दार उघडलं. नॉर्म आत आला, हातात गरम मटण पॅटिसची पिशवी, चेहरा लालभडक. तो दोन खुर्च्यांच्या मध्ये स्टूल ओढून बसला आणि डार्सीला म्हणाला, "शनिवारी संडासाजवळच्या बाजूला खेळवतो तुला."

मंडळी, तुमच्या गावातही कोणीतरी टब घेऊन येईल. त्याच्याशी वाद घालू नका. फक्त पाय न बुडवता लावून दाखव म्हणा. आणि दुखणं असेल तर डॉक्टरला सांगा, घरच्यांना सांगा, शेजाऱ्यालाही सांगून बघा. काय सांगावं, पुढच्या खुर्चीत तोच बसलेला असेल.