मास्तरांची डावी काख

फ्लूची लस घेणार नाही म्हणजे नाही, असं मास्तरांनी घरीदारी, जावयासमोरसुद्धा इतक्यांदा ठणकावून सांगितलं होतं की आता मागे फिरायची सोयच उरली नव्हती. मास्तर म्हणजे शिंपी. दोन वर्षांपूर्वी त्यांना गाठींचा कॅन्सर झाला होता. उपचारांनी तो गेला, पण तपासण्या चालू होत्या.

"अहो, डॉक्टर सांगतात तर घ्या की," बायको म्हणायची.

"सुया खुपसायच्या मी, त्याही कापडात. माझ्या अंगात आता कुणी खुपसायची नाही!"

मग बायकोच तापाने फणफणली. यांना बाधू नये म्हणून ती दुसऱ्या खोलीत दार लावून खोकत पडली. दाराबाहेर मास्तरांचा जीव कासावीस झाला. ती उठून बसल्यावर ते बटणं आणायला म्हणून निघाले, शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेले आणि गुपचूप लस टोचून आले. कात्री उजव्या हातात धरायची, म्हणून दंड डावा पुढे केला. बटणं आणायची तेवढी राहिली.

पुढच्याच आठवड्यात कॅन्सरच्या तपासणीचा पेट स्कॅन होता. आधी तिथल्या मुलीने विचारलं, "अलीकडे कुठली लस घेतलीय?"

बायको शेजारीच बसलेली. "छे! नाव काढू नका," मास्तर म्हणाले, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी त्यांना पडद्यावर स्कॅन दाखवला. डाव्या काखेत दोन ठिपके चांगले टपोरे चमकत होते.

"या गाठी मागच्या वेळी नव्हत्या. आजार परत आलाय असं मी म्हणत नाही, पण सुईने तुकडा काढून तपासावा लागेल. लस घेतली असती तर थांबले असते. लस टोचली की त्या बाजूच्या काखेतल्या गाठी कामाला लागतात, स्कॅनसाठी दिलेलं साखरेसारखं औषध जास्त ओढून घेतात आणि अशाच उजळतात. पण तुम्ही तर घेतलेली नाही."

मास्तरांच्या जिवात जीव आला, पण बायको शेजारीच बसली होती.

"अगं, जरा पाणी पिऊन येतेस?"

"मला नाही तहान."

"मग मला आण."

बायकोने पिशवीतून बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली. तिची ही तयारी मास्तरांना आजवर कधी एवढी खटकली नव्हती. पाणी पितापिता त्यांनी डॉक्टरीणबाईंना भुवया उडवून खुणावलं.

"डोळ्यात काही गेलंय का?" बाईंनी काळजीने विचारलं.

तेवढ्यात बायको बोलली, अगदी हळू. "डॉक्टर, हे माझ्यामुळे झालं असेल का हो? आजारातून उठलेला माणूस, आणि मी लसीवरून रोज यांचं डोकं खाल्लं. आता नाही बोलणार. कध्धी काही नाही बोलणार. तुम्ही फक्त यांना बरं करा."

मास्तरांना ते ऐकवेना.

"घेतली!" ते ओरडलेच. "लस घेतली मी! डाव्या दंडात! बटणं आणायला गेलो होतो ना, तेव्हा!"

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"नाक आडवं आलं," मास्तर पुटपुटले.

सहा आठवडे थांबून सोनोग्राफी करायचं ठरलं. बहुतेक लसीचंच असणार, पण खात्री तेव्हाच.

मास्तर मान खाली घालून बायकोच्या सरबत्तीची वाट बघत राहिले. ती बोललीच नाही. बसमध्ये नाही, घरी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तरांनी मुद्दाम कुरापत काढून पाहिली, "लस घेऊन काही फरक पडला नाही बघ." ती म्हणाली, "बरं झालं." तेव्हा मात्र मास्तरांची पाचावर धारण बसली. जिंकूनही ही बाई गप्प राहते, म्हणजे आतून केवढी घाबरली असेल! त्यांनी काखेपेक्षा तिचीच काळजी जास्त केली.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठी बसल्यात. लसीचंच होतं."

हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरेपर्यंत बायको गप्प होती. फाटकाबाहेर पाऊल पडलं आणि तिने तोंड सोडलं.

"लाज नाही वाटली? मला पाणी आणायला पिटाळता? चोरासारखी लस घेता? आणि मी वेडी, माझ्यामुळे झालं म्हणून झुरतेय! नाक म्हणे! कापून ठेवा ते दुकानात, काउंटरवर!"

येणारेजाणारे वळून बघू लागले. मास्तरांचे डोळे भरून आले होते. ते "हो, हो" म्हणत तिच्या शेजारून चालत राहिले. घर आलं, पण तिचं अजून संपलं नव्हतं. म्हणून मास्तर दाराशी न थांबता तिला घेऊन तसेच पुढच्या चौकापर्यंत गेले.