काळ्या ढेपेचे तेहतीस अनारसे

मी एक ढेप, गुळाची. जन्मले तेव्हा दहा किलोची होते. आता मुठीत मावेन एवढी उरलेय, आणि किसणी धुऊन समोर ठेवलेली दिसतेय. तेव्हा लांबण लावत नाही.

तेलगावच्या शिवारातल्या एका गुऱ्हाळावर, माघाच्या थंडीत माझा जन्म झाला. तिथं धोंडीराम नावाचा गुळव्या होता. काहिलीतला रस दाटत आला की त्याचा एक थेंब तो पाण्यात टाकायचा आणि बोटांत गोळी वळते का ते बघायचा. त्या दिवशी गुळाला पिवळाधमक रंग आणायची पावडर संपली होती. मालक म्हणाला, "तसाच काढ बे धोंडीराम. गुरांना खपंल." अशी मी काळीसावळी निघाले. माझ्या शुद्धपणाचं पुढं लई कौतुक झालं, म्हणून खरं ते आधीच सांगून ठेवते. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. पावडर संपली होती.

राधाकिशनरावांनी व्यायलेल्या म्हशीसाठी म्हणून मला स्वस्तात घरी आणलं. त्याच आठवड्यात त्यांच्या घरात आणखी एक जण आली, धाकट्या हनुमानची नवरी स्वप्नाली, लिंबागणेशची. आल्याआल्या आम्हा दोघींनाही लोकांनी निरखून पाहिलं. मला बोटानं टकटक वाजवलं, तिला प्रश्न विचारून. शेजारणींनी दोघींबद्दल एकच मत दिलं, "चांगली हाय, पण रंगानं जरा..." मी गोठ्यातल्या फळीवर गेले, ती चुलीपाशी. ती फार बोलायची नाही. नुसती बघायची. म्हशीला गूळ घालायला आली की मला फोडताना कोपऱ्यातला एक खडा हळूच तोंडात टाकायची आणि ओठ पुसून बाहेर पडायची. तेव्हापासून आमचं जमलं.

चैत्रात माझं नशीब फिरलं. स्वप्नालीच्या सासूबाई, केसरबाई, यांच्या मोबाइलवर कुणीतरी डॉक्टर आला आणि साखर म्हणजे विष असं सांगून गेला. केसरबाईंनी त्याच दिवशी घरात साखरबंदी केली.

राधाकिशनराव चहाची कपबशी हातात धरून म्हणाले, "आपला सगळा ऊस कारखान्याला जातो. सभासदाची साखर मला मिळती. आन माझ्याच घरात साखरंला बंदी? लोकं काय म्हनतील?"

"लोकांना शुगर हाय," केसरबाई म्हणाल्या. विषय संपला.

मग साखरेऐवजी काय, याचा शोध सुरू झाला. पहिल्या आठवड्यात मध आला. तो उकळत्या चहात घातला, तोवर मोबाइलनं सांगितलं की गरम झालेला मध घातक. दुसऱ्या आठवड्यात खजूर वाटताना मिक्सरनं प्राण सोडला. मग खडीसाखर आली; ती साखरच आहे हे केसरबाईंच्या लक्षात यायला चार दिवस लागले. त्यानंतर काकवीची बाटली आली. आणि एके दिवशी मोबाइलवर एक बाई म्हणाली, गूळ खावा, पण काळा.

केसरबाई तशाच गोठ्यात आल्या. म्हशीच्या तोंडापुढून मला उचललं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि स्टीलच्या डब्यात बसवून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. म्हैस दोन दिवस रुसली होती.

माणसांची एक गंमत मी तिथून पाहिली. गोड पदार्थ वाईट म्हटला की माणूस चोरून चिमूटभर खातो. औषधी म्हटला की राजरोस मूठभर खातो. जेवण झालं की खडा, उन्हातून आलं की खडा, थकवा आला की दोन खडे. आठवडाभरात मी सात किलोंवर आले. चहात घातलं की मात्र दूध फाटायचं. केसरबाई धार काढणाऱ्या गड्याला, म्हाळूला, शिव्या द्यायच्या. स्वप्नालीनं चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी तिनं मला पत्तीबरोबर पाण्यातच उकळलं, भांडं खाली उतरवलं आणि तापवलेलं दूध वरून ओतलं. चहा फाटला नाही. केसरबाई म्हणाल्या, "म्हाळू सुधारला वाटतं." स्वप्नालीनं कप विसळायला घेतले.

राधाकिशनराव तर तेव्हा घरात चहाच घेत नव्हते. पेंडीच्या पिंपामागं त्यांनी साखरेची पिशवी दडवली होती आणि ते रोज गोठ्यात म्हाळूबरोबर प्यायचे.

ह्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. तीन वर्षांनी येणारा हा धोंड्याचा महिना. त्यात जावयाला जेवायला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, ही रीत. म्हणजे इकडं ह्या घरची लेक प्रियदर्शनी नि जावई हरिओम येणार, आणि तिकडं लिंबागणेशला स्वप्नालीच्या आईनं आपल्या जावयाला, हनुमानला, बोलावलेलं. लग्नानंतर स्वप्नाली माहेरी एकदाच गेलती, तीही सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

हनुमाननं आईपुढं विषय काढला. नाव हनुमान असलं तरी आईसमोर त्याला अंगणसुद्धा ओलांडता येत नाही. केसरबाई म्हणाल्या, "आधी आपला जावई जेवू दे. अनारसे स्वप्नालीनं करायचे. नीट झाले की दुसऱ्या दिशी खुशाल जा."

"आन न्हाई झाले तर?"

"तर परत तांदूळ भिजवायचे. वाण काय मोडकं द्यायचं व्हय?"

स्वप्नालीनं बोटांवर मोजलेलं मी पाहिलं. जावई यायचे होते रविवारी, आणि रविवारनंतर अधिक संपायला पाच दिवस. अनारशांना तांदूळ तीन दिवस भिजतात, पीठ पाच दिवस मुरतं. बिघडलं तर महिना संपणार. मग आईचं बोलावणं गेलं ते थेट तीन वर्षांवर.

तिनं जीव ओतून काम केलं. तांदळाचं पाणी रोज बदललं. पंच्यावर निथळले, ओलसर असतानाच दळले, पीठ दोनदा चाळलं. मग मला किसलं आणि मोजून, अगदी सपाट वाटीनं, पिठात मिसळलं. "काळा गूळ ओलसर असतो," ती स्वतःशीच म्हणाली आणि अर्धी वाटी कमी घातली. गोळे वळून डब्यात भरले. दोन वाट्या पीठ मात्र कोरडंच एका पिशवीत बांधून माझ्या डब्यामागं सरकवलं. कशासाठी ते मला तेव्हा कळलं नाही.

डबा माझ्याच फळीवर मुरत होता, त्यामुळं पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय.

बुधवारी दुपारी घर झोपलेलं असताना केसरबाई आल्या. डबा उघडला, गोळा हुंगला. "प्रियाचं रक्त कमी हाय, काकवीनं भरंल," असं पुटपुटत त्यांनी काकवीच्या दोन पळ्या पिठात ओतल्या, कालवल्या आणि गोळे परत होते तसे लावले.

गुरुवारी केसरबाई देवळात गेलत्या. राधाकिशनराव पायांतल्या वहाणा हातात घेऊन आत आले. धोतराच्या सोग्यात साखर होती. "जावयाला म्हशीचा गूळ चारती म्हने," असं म्हणत त्यांनी तीन मुठी साखर पिठात दाबली. मग जाता जाता चौथी.

मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

रविवारी सकाळी कढईत तूप तापलं. स्वप्नालीनं खसखशीवर पहिला अनारसा थापला आणि अलगद सोडला. तो फुलला, पसरला, आणि बघता बघता त्याचा चुरा होऊन कढईभर झाला. गोड जास्त झालं की असं होतं; ह्याला आमच्याकडं अनारसा हसला म्हणतात. बाकी कुणी हसत नाही.

"कावून हसला गं?" केसरबाई दारात उभ्या होत्या. "गुळाचं माप चुकलं का तुजं? शिकवलं न्हाई का आईनं?"

स्वप्नालीनं पिठाचा कण जिभेवर ठेवला. दाताखाली साखर करकरली. बोटाला काळी तार आली. तिची नजर काकवीच्या बाटलीकडं गेली. ती दोन बोटं उतरली होती. मग नजर ओसरीकडं गेली. तिथं पेपर वाचत बसलेल्या राधाकिशनरावांना नेमकी तेव्हाच शेळीची आठवण झाली आणि ते उठून गेले.

एक वाक्य पुरलं असतं. मी वाट बघत होते.

"चुकलं असंल, आत्या," ती म्हणाली. मग माझ्या डब्यामागची पिशवी काढली आणि कोरडं पीठ मूठमूठ करत त्या गोळ्यांत मळू लागली. केसरबाई बघत राहिल्या.

"हे कवा ठेवलंतं?"

"आईनं सांगितलंतं. नव्या घरात पीठ सगळं भिजवू नये म्हनून. घरात हात किती हायेत ते कळूस्तोवर थोडं कोरडं ठेवावं."

केसरबाईंनी पदर सारखा केला आणि त्या एकदम तूप बघू लागल्या.

स्वप्नालीनं दुसरा अनारसा सोडला. तो पसरला, थांबला, आणि त्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी पडली. ती झाऱ्यानं त्याच्यावर तूप उडवत राहिली. एकामागून एक करत चाळणीत उभे केले, चाळीस भरले.

हरिओमराव पाटावर बसले आणि तेहतीस अनारशांचं ताट बघून मागं सरकले. "आत्याबाई, मी साखर सोडली. सहा महिने झाले. डॉक्टरनं ताकीद दिलीय."

"साखरंचा कण न्हाई जावईबापू. निव्वळ काळा गूळ," केसरबाई ठामपणे म्हणाल्या.

राधाकिशनराव छताचा पंखा बघत होते.

"गुळाचा असंल तर चालतंय," म्हणत हरिओमरावांनी एक उचलला. मग दुसरा. सातव्याला म्हणाले, "बघा, ही खरी गोडी. साखरंची गोडी अशी टोचती." नवव्या अनारशाला त्यांनी मान वर केली. "वहिनी, ह्यात घातलंय तरी काय काय?"

पंगतीतले दोन घास एकदम थांबले. एक सासूचा, एक सासऱ्याचा.

"पीठ नि गूळ, दाजी," स्वप्नाली म्हणाली. "बाकी आत्यांची नि मामांची माया." आणि त्यांनी दहावा अनारसा उचलायच्या आधीच तिनं हरिओमरावांपुढचं ताट उचलून वाणाच्या डब्यात रिकामं केलं. "हे घरी न्या. सगळ्यांनी मिळून खा."

दुपारी केसरबाई स्वयंपाकघरात आल्या, पाठमोऱ्याच बोलल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं जा. चार दिवस राहा. आन ती काकवी वरच्या फळीवर ठेव. माजा हात पोचनार न्हाई अशी." मग माझा उरलेला तुकडा त्यांनी रुमालात बांधून तिच्या पिशवीत घातला. थोड्या वेळानं राधाकिशनराव आले आणि त्याच पिशवीत किलोभर साखर ठेवून गेले, विहिणीला म्हणून. सगळ्या प्रवासात मी त्या साखरेच्या मांडीला मांडी लावून आले. वाईट नाही ती. जरा बडबडी आहे.

लिंबागणेशला स्वप्नालीच्या आईनं मला वाजवलं, हुंगलं, खडा चाखला. "रंगावर जाऊ नको, चांगला हाय," म्हणाली. मग विचारलं, "कोरडं पीठ लागलं का गं?"

"दोन वाट्या."

"दोन? म्हंजी मानसं जीव लावत्यात."

आता माझी वेळ आली. हनुमान बाहेर पाटावर बसलाय आणि इथं आईचा धाक नसल्यानं बराच बोलतोय. धोंड्यांसाठी पुरण शिजतंय. स्वप्नालीच्या आईनं मला किसलं, मोजून वाटीभर पुरणात घातलं, आणि मला दोन चिमटी शिल्लक ठेवून ती दार उघडायला गेली.

वाचणाऱ्या बायाबापड्यांनो, माझं एकच मागणं आहे. मध घ्या, काकवी घ्या, मला घ्या, नाहीतर साखर घ्या. पण घरात घालणारा हात एकच ठेवा. हे मी कळवळून सांगतेय, कारण आत्ता स्वप्नालीनं दाराकडं पाहिलं, मग खिडकीकडं पाहिलं, आणि मला चिमटीत उचलून पुरणावर धरलं.